अमानतीची बोरं

चाचांना जपानी येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण थंडीच्या दिवसांत आमच्या कंपाउंडात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याचा हमखास गैरसमज व्हायचा. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला बोरीचं झाड, झाडाखाली लाकडी बाक, आणि बाकावर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर मफलर असे थर चढवून बसलेले एक म्हातारे गृहस्थ. मांडीवर जपानी पुस्तक. बोट ओळीवरून वरून खाली सरकतंय, ओठ मिटलेले, भुवया चढलेल्या. पिण्याच्या पाण्याचे बाटले टाकायला येणारा मल्याळी तर त्यांना 'प्रोफेसर साब' म्हणायचा. चाचा कधी खुलासा करत नसत. मी एकदा म्हटलं, "अहो चाचा, त्याला सांगा तरी, तुम्हाला यातलं अक्षर कळत नाही."

"त्यानं विचारलंन कुठं?" चाचा म्हणाले. "विचारील तवा सांगू."

चाचा श्रीवर्धनच्या बाजूचे कोकणी मुसलमान. तरुणपणी बहरीनला आले ते एका अरबाबचे, म्हणजे मालकाचे, कागद फिरवायला. कुणाचा व्हिसा, कुणाचं कार्ड, कुणाची बदली. या खिडकीवरून त्या खिडकीवर जाण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीत देणारा कोण, घेणारा कोण आणि मध्ये कोणाचा शिक्का, एवढं ते आधी बघायचे. पाय थकल्यावर अरबाबने त्यांना बुदैयातल्या आपल्या चार व्हिलांवर देखरेखीला ठेवलं आणि फाटकाजवळची खोली दिली. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा ते असे फाटकाशीच होते. व्हिला हा शब्द मालकाच्या समाधानासाठी. आमच्या वाट्याला एका व्हिलाचा मागचा तुकडा होता, त्यात मी, माझा नवरा आणि मराठी समजून इंग्रजीत उत्तर देणारी आमची मुलगी. मी मूळची वसईची, इस्पितळात एक्स-रे काढते. रात्रपाळी करून सकाळी परतले की सगळ्यात आधी दिसायचे ते चाचाच. आणि मी गाडीचं दार लावते न लावते तोच बातमी यायची.

"बाय, आज हुदहुद पाखरू आलंय."

किंवा, "आज मोठ्या दगडाची सावली डोणीला लागली नाय. उद्या लागंल."

किंवा नुसतंच, "दंव पडलंय. डाव्या बाजूला जास्त."

आता रात्रभर लोकांच्या बरगड्या बघून आलेल्या बाईला डाव्या बाजूच्या दंवाचं काय कौतुक असणार? पण चाचा ऐकून घेतल्याशिवाय सोडत नसत. त्यांना शाबासकी नको असायची, 'हं' पुरे व्हायचं. 'हं' मिळालं की ते वळून पुन्हा बाकावर जाऊन बसत, साक्षीदाराची सही मिळाल्यासारखे. गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी ही बातमी आली नाही की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. इथली सुट्टी शुक्रवारची, तेव्हा चर्चमध्ये मिसाला जाताना मी मुद्दाम गाडीची काच खाली करायची.

जे बघायचं ते एवढंसंच होतं. एका खोलीएवढी पांढरी खडी, खडीत दाताळाने ओढलेल्या रेषा, तीन दगड, पाण्याची एक दगडी डोणी आणि कडेला ती बोर. ही जपानी बाग. पुढच्या व्हिलात पूर्वी एक जपानी इंजिनिअर एकटेच राहायचे, त्यांनी ती स्वतःच्या हाताने केलेली. दगड इथल्याच वाळवंटातले, खडी इथलीच. जपानातलं झाड इथल्या उन्हात जगेना, तेव्हा त्यांनी अंगणातली बोर धरली आणि तारा बांधून, फांद्या छाटून तिला असं काही वाकवलं की मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ओळखलीच नाही. माझ्या वडलांची वसईला वाडी. बोर मला पानावरून कळते. पण ही बोर उभी होती ती कुणालातरी वाट देण्यासाठी बाजूला सरलेल्या म्हातारीसारखी.

या जपानीसाहेबांची आणि चाचांची ओळख भांडणातून झाली. भांडणात एकही शब्द नव्हता. चाचा कोकणातले. अंगणात रेघोट्या दिसल्या म्हणजे कोंबड्यांनी उकरलं, एवढंच त्यांना माहीत. शेजारी एकटा माणूस, परदेशी, त्याला कोण झाडून देणार, म्हणून चाचा पहाटे फजरच्या नमाजानंतर जाऊन सगळी खडी झाडूने साफ सपाट करून यायचे. साहेब उठून बघायचे, दाताळ घ्यायचे, पुन्हा रेषा ओढायचे. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा सपाट. असं कितीतरी दिवस चाललं. चाचांना वाटे, या कोंबड्या येतात तरी कुठून? एके दिवशी त्यांनी पाळत ठेवली तर कोंबडी पँट घालून रेषा ओढतेय!

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? लाज वाटली. जाऊन त्याच्या हातातनं दाताळ घेतलं नि उरलेलं मी ओढलं. वाकडं गेलं. तो बोलला काय नाय. चा दिलान."

तिथून रोज खडी ओढायचं काम चाचांकडे आलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि इंग्रजी दोघांचंही यथातथाच. मग साहेबांची नोकरी संपली. जाण्याच्या सकाळी, थंडीच्या सुरुवातीला, ते फाटकाशी आले, कमरेत वाकले, दोन्ही हातांनी ते पुस्तक चाचांपुढे धरलं, बागेकडे बघितलं आणि म्हणाले, "विंटर. प्लीज. एव्हरी डे." मग गाडीत बसून गेले ते गेलेच.

चाचांनी याचा अर्थ लावला तो त्यांच्या पद्धतीने. माणूस परदेशी निघाला. दोन्ही हातांनी वस्तू सोपवली. थंडीत रोज लक्ष ठेवा म्हणाला. म्हणजे ही अमानत. ज्याची आहे तो येईपर्यंत जशीच्या तशी राखायची. मग पुस्तक रोज का वाचायचं, तर त्यालाही कारण होतं.

"आपल्याकडं पावसात पुस्तक मिटून ठेवलंस की कसर लागते का नाय? इथं तर दर्या चारी बाजूला. रोज एक पान वारा खायला पायजे."

"पण पान उघडून ठेवा की. वाचता कशाला?"

"उघडलं हाय तर नुसतं काय बसायचं?" आणि मग जरा मऊ आवाजात, "लहानपणी मदरशात अरबी वाचलं ते तरी कुठं समजत होतं, बाय? मौलवीसाहेब म्हणायचे, आधी वाच, समजणं मागनं येतं. हे पण उजवीकडनंच उघडतंय."

आमच्या मुलीला हे सगळं असह्य व्हायचं. एकदा ती मोबाइल घेऊन बाकाशी गेली. "चाचा, जस्ट वन सेकंद. फोन पानावर धरला की ट्रान्सलेशन येतं." चाचांनी पुस्तक छातीशी धरलं. म्हणाले, "दुसऱ्याचं हाय बेटा. त्याला विचारल्याबिगर आपण त्याचा अर्थ कसा काढायचा?" मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तरी काय सांगणार, कपाळ? उन्हाळा आला की ते पुस्तक मलमलीत बांधून त्यांच्या खोलीत, एसीसमोरच्या फळीवर जाई. थंडी आली की बाहेर.

त्यांचं सगळ्यात कडक कलम बोरांबद्दल होतं. थंडी सरायला आली की ती बोर अशी लगडायची की फांदी दिसू नये. लालसर, गोड, आणि माझ्यासारख्या वसईकरणीला मीठ लावून खायची जन्माची सवय. पण हात लावायची सोय नव्हती. "साहेबाची हायत," चाचा म्हणायचे. खाली पडलेली बोरंदेखील ते गोळा करून एका थाळीत डोणीजवळ ठेवायचे. बुलबुल येऊन फडशा पाडायचे.

"मग त्यांना बरी परवानगी!" मी एकदा चिडून म्हटलं.

"पाखराला कोण विचारतो? तुला नि मला विचारतील."

स्वतः त्यांनीही कधी एक बोर तोंडात टाकलं नाही. हे मात्र मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. एकदा थंडीत पाऊस झाला. इथला पाऊस म्हणजे गटारं नसलेल्या गावातला पाऊस, तासाभरात कंपाउंडचं तळं झालं. भाडेकऱ्यांच्या गाड्या पाण्यात, सगळे ओरडतायत, चाचा कुठे? चाचा भर पावसात खडीवर ताडपत्री पसरत होते. पुढच्या व्हिलातला लेबनानी तावातावाने म्हणाला, आधी माझी गाडी झाका. चाचा म्हणाले, "गाडी तुझी हाय, तू झाक." आणि ताडपत्रीच्या टोकावर दगड ठेवायला लागले.

या सगळ्याला बाधा एकच होती आणि ती श्रीवर्धनला राहत होती. चाची. रोज सकाळी चाचांचं पान वाचून झालं की तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिचा आवाज साऱ्या कंपाउंडला ऐकू जायचा. "कवा येताव?" हा पहिला प्रश्न. चाचा म्हणायचे, "थंडी संपू दे." थंडी संपली की उन्हाळ्यात म्हणायचे, "साहेब थंडीत आला तर? आता एवढं थांबलो." मुली लग्न होऊन गेलेल्या. चाचीचे गुडघे गेलेले, विहिरीवर पंप बसवला तरी तो चालू करायला पायऱ्या उतराव्या लागत. तरुणपणी बिचारीने नवऱ्याला रजेपुरतं बघितलं होतं, आणि आता नोकरी म्हणावी अशी नोकरी उरली नसताना हा माणूस तीन दगडांसाठी तिथे बसून होता. एके दिवशी ती फोनवर रडलीच. "त्या जपान्याचं राखताय. आमचं कोन राखनार?"

चाचांनी फोन जरा लांब धरला. मी गाडी पुसत होते, माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." आणि मग, "पण अमानत हाय ना, बाय. टाकून कसा जाऊ?" मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. आजही थोडा आहे.

मग अरबाब वारले आणि कारभार मुलाकडे आला. बुदैयात आता माणसाला राहायला जागा नसली तरी चालेल, गाडीला हवी. एकेका व्हिलात तीन-तीन गाड्या. मुलाने ठरवलं, खडीवर शेड टाकून पार्किंग करायचं. कामगार मोजमापाला आले तर चाचा बाकावरून उठेनात. मुलगा स्वतः आला. लहानपणी चाचांनीच त्याला शाळेत पोचवलेलं, त्यामुळे आवाज चढवायची त्याला चोरी. "चाचा, खलास. ही जागा माझी आहे."

"जमीन तुझी," चाचा म्हणाले. "खडी, दगड, बोर नि हे पुस्तक त्याचं. अमानत हाय माझ्याकडं. त्याला विचार, तो हो म्हणाला तर काय बी कर."

अमानत हा शब्द अरबीतही तोच. मुलाला तो लगेच कळला. सिगरेट ओढत त्याने एकदा बोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "इंशाल्ला, ही थंडी जाऊ दे." त्यानेच वडलांच्या जुन्या ओळखीतून जपानचा एक फोन नंबर शोधून काढला आणि बोलण्याचं काम माझ्यावर टाकलं, कारण कंपाउंडात चाचा जिचं ऐकून घेतील अशी दुसरी कोणी नव्हती. चाचा काही फोनवर यायला तयार होईनात. "मी समोर दिसलो तर तो भिडेखातर काय बी बोलेल. तू विचार. सरळ विचार."

फोन साहेबांच्या मुलीने उचलला. इंग्रजी चांगलं होतं. पडद्यावर तिच्या पाठीमागे खुर्चीत जाड स्वेटरमध्ये बुडालेले साहेब दिसत होते. ती त्यांना विचारायची, मग मला सांगायची. बाग? कुठली बाग? हां, ती बाग! साहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. ती म्हणाली, बाबा म्हणतात, ती त्यांनी त्या गृहस्थांना देऊन टाकली होती. भेट म्हणून. पुस्तकही.

"कसलं पुस्तक होतं ते?" मी विचारलं. तेवढं विचारायची मला परवानगी नव्हती, पण जीभ थांबली नाही.

साहेबांना आठवेना. पुस्तकं पुष्कळ होती. जे वर होतं ते दिलं.

"आणि विंटर, प्लीज, एव्हरी डे म्हणजे?"

हे मात्र त्यांना आठवत होतं. त्यांनी मुलीला बराच वेळ काहीतरी सांगितलं, हाताने एकदा चालण्याची आणि एकदा बसण्याची खूण केली. ती म्हणाली, बाबा म्हणतात, तो माणूस सकाळपासून नुसता धावत असायचा. कधी बसलेला बघितला नाही. म्हणून जाताना म्हटलं, थंडीत तरी, कृपा करून, रोज थोडं बसत जा.

 फोन ठेवून मी नाक पुसलं आणि बाकाशी जाऊन चाचांना शब्द न् शब्द सांगितला. वाटलं होतं, सुटतील. चाची जिंकली. चाचांनी सगळं ऐकलं, पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

"त्यानं दिलं असं तो म्हणतोय," ते म्हणाले. "मी घेतलं असं मी कुठं म्हटलं?"

"म्हणजे?"

"देणाऱ्यानं दिलं म्हणून भेट होत नाय, बाय. घेणाऱ्यानं कबूल करायला पायजे. कायदा हाय. मी तवा कबूल केलं नवतं. मी अमानत म्हणून घेतलं."

"मग आता करा कबूल!"

"बघू," चाचा म्हणाले.

सकाळच्या फोनवर चाचीलाही हे कळलं. ती एरवी इतकं बोलणारी बाई, पण त्या दिवशी एकच वाक्य बोलली. "एक शब्द हाय, तो पण तुमच्या तोंडातनं निघत नाय." आणि तिने फोन बंद केला. मग बरेच दिवस सकाळचा फोन आलाच नाही. चाचा पान वाचून झालं की फोन बाकावर शेजारी उताणा ठेवायचे आणि दगड बघत बसायचे. मला मिळणाऱ्या बातम्या बंद झाल्या. मी गाडीतून उतरून मुद्दाम रेंगाळायची, पण दंव पडलं की नाही ते मला कळेना. त्यांना एक शब्द जड का जात होता ते मला तेव्हा कळलं. अमानत असेपर्यंत त्यांच्यावर कुणाचं तरी काम होतं. एकदा घेतलं म्हटलं की त्या खडीवर बसलेला तो नुसता एक म्हातारा, बायकोला सोडून बसलेला.

थंडी सरत आली. दुपारी कोट नकोसा व्हायला लागला, बोर लगडली. एके सकाळी मी पाळीवरून आले तर चाचा बाकावर नव्हते, झाडाखाली उभे होते. दाताळ भिंतीला टेकवलेलं. खडी ओढलेली नव्हती. त्यांनी हात वर करून एक बोर तोडलं, कोटाला पुसलं आणि तोंडात टाकलं. सावकाश चावलं. बी तळहातावर काढून बघितली. मग आणखी एक तोडलं.

मी जागच्या जागी उभी. "चाचा, खाल्लंत?"

"माझंच हाय," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले होते. "गोड हाय गं. एवढी वरसं नुस्तं बघत होतो."

त्याच दिवशी त्यांनी अरबाबच्या मुलाला खडी, दगड आणि डोणी देऊन टाकली, आणि त्याच्याकडून 'घेतलं' असं तीनदा वदवून घेतलं. तिकीट काढलं. श्रीवर्धनला फोन लावला. चाचीने उचलला पण बोलली नाही, तर चाचाच म्हणाले, "येतोय. पायऱ्या उतरू नको, पंप मी लावीन."

निघायच्या सकाळी विमानतळावर न्यायला अरबाबचा मुलगा स्वतः आला. चाचा मफलर गुंडाळून माझ्या दाराशी आले आणि पुस्तक दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. "आता माझं हाय म्हणून देता येतंय. पुस्तक नि बोर तुला. घेतलं म्हण."

मी पुस्तक हातात घेतलं. शब्द काही तोंडातून निघेना. घेतलं म्हटलं की चाचा गेले, हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. बाहेर अरबाबच्या मुलाने हॉर्न वाजवला, "यल्ला, चाचा!" चाचांनी एक क्षण वाट बघितली. मग म्हणाले, "असू दे. सावकाश." आणि गेले.

आता खडीच्या जागी शेड आहे, शेडखाली गाड्या. दगड भिंतीला लावून ठेवलेत, डोणीत कुणीतरी सिगरेटी विझवतं. बोर मात्र उभी आहे. अरबाबच्या मुलाने तीही काढायची म्हटलं होतं, पण त्याच्या आईने अडवलं, इथल्या लोकांत बोर पवित्र मानतात, ती तोडत नाहीत म्हणून. बाक मी माझ्या बाजूला ओढून घेतलाय. सकाळी पाळीवरून आले की चहाचा कप घेऊन तिथे बसते आणि पुस्तकाचं एक पान उघडते. मुलगी म्हणते, "मम्मी, प्लीज. नॉट यू टू." मी तिला म्हणते, कसर लागते गं. दुसरं काय सांगणार?

चाचीची नवी तक्रार अशी की माणूस घरी आला आणि अंगणात खुर्ची टाकून बसला तो उठायचं नाव घेत नाही. पंप मात्र वेळेवर लावतो, हे तिने आपण होऊन सांगितलं.

परवा त्यांचा फोन आला. पडद्यावर मफलर नव्हता, पाठीमागे माड आणि वाळत घातलेली लुंगी.

"बोर धरली काय गं?"

"धरली. पिकलीत सुद्धा."

"खाल्लीस?"

मी दाराबाहेर बघितलं. बाकाशी पडलेल्या बोरांची थाळी भरलेली होती आणि एक बुलबुल तिच्या काठावर बसला होता.

"नाही," मी म्हटलं.

 पाठीमागून चाचीचा आवाज आला, "काय म्हनतेय ती?"

"काय नाय," चाचा म्हणाले. "राखतेय."